सासू एका वर्गात, सून दुसऱ्यात

जवळा बाजारहून औंढ्याकडे निघालं की गाव संपता संपता पत्र्याची एक मोठी शेड लागते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून उभं केलेलं ते हळद प्रक्रिया केंद्र. शेतात शिजवून वाळवलेली हळद इथे येते. मग तिला पॉलिश करायचं, प्रतवारी लावायची, दळायची आणि पिशव्यांत भरायची. गेली काही वर्षं मी तिथे शिकवते. हळदीचं काम शिकवायला मिस्त्री आहेत. मी शिकाऊ कामगारांना वाचणं, लिहिणं आणि आकडेमोड शिकवते.

शिकाऊ म्हणजे जवळपास सगळ्या बायाच. काम शिकता शिकता त्यांना तीन लेव्हल पार कराव्या लागतात. कागदावर त्याला 'स्तर' म्हटलंय, पण तो शब्द कागदावरच राहिला. पहिलीत वाचता यायला हवं आणि वजनाची साधी बेरीज-वजाबाकी जमायला हवी. दुसरीत भागाकार, टक्केवारी येतात, लेखी सूचना वाचून त्याप्रमाणे काम करणं येतं. तिसरीत यंत्रावरचे इंग्रजी शब्द. तिसरी पार झाल्याशिवाय दळणाचं यंत्र कुणाच्या एकटीच्या हाती देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बोट गेलं की परत येत नाही.

हट्टा गावाच्याही आतल्या एका खेड्यातून त्या दोघी आल्या, तेव्हा मला त्या मायलेकीच वाटल्या. थोरली पंचेचाळिशीच्या आसपासची, उंच, आवाज खणखणीत. धाकटी तिच्या मागे, अंग चोरून उभी. नाव नोंदवताना थोरली म्हणाली, "ही माझी सून. मी येनार आन् ही बी येनार. बसवायचं तर एका जागी बसवा, न्हाई तर दोघी बी चाललो."

सासूला अक्षरओळख जेमतेम होती. लहानपणी शाळेत थोडी गेली होती, पुढे गावातल्या रात्रीच्या वर्गातही बसली होती. तिथे फळ्यापुढे उभी राहिल्यावर बाया हसल्या, आणि ती उठून आली ती परत गेली नाही. हे तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, जणू आम्हाला ताकीदच दिली. सुनेला आत एकटीला बोलावून विचारलं तर ती म्हणाली, "तिसरीपर्यंत गेले." आमची प्रवेशाची छोटीशी तोंडी चाचणी असते. त्यात तिनं अडखळत वाचलं, एक बेरीज चुकवली. दोघींना पहिल्या लेव्हलला बसवलं.

वर्ग दुपारी जेवणानंतर भरायचा. सासू-सून खिडकीजवळच्या बाकावर बसत. सासूचं बोट ओळीवरून सरकायचं आणि सुनेचे डोळे त्या बोटावर. बोट अडलं की सून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची आणि बोट पुढे निघायचं. मी ते पाहत होते. वाटायचं, एकीला दुसरीचा आधार आहे, असू दे.

एके दिवशी दळणाचं यंत्र मध्येच बंद पडलं. मिस्त्री पट्टा आणायला वसमतला गेलेले. बाया भोवती जमल्या. कुणी म्हणे लाइट गेली, कुणी म्हणे वरचं लाल बटन दाबा. यंत्राच्या पेटीवर एक छोटी काच आहे, तिच्यावर इंग्रजी अक्षरं उमटली होती, पण हळदीच्या धुरळ्यानं ती दिसत नव्हती. सून पुढे झाली, पदराच्या टोकानं काच पुसली आणि वाचून म्हणाली, "मोटारीवर लोड आलाय. गार होऊ द्या म्हनते. कोनी बटन दाबू नका."

तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली. मी दारातच उभी होते. तिनं पदर सोडला आणि मान खाली घातली.

सासू त्या वेळी पलीकडच्या शेडमध्ये प्रतवारीवर होती. मी सुनेला बाहेर लिंबाखाली घेऊन गेले.

"कितवी शिकलीस?"

"तिसरी, मॅडम."

"तिसरी शिकलेल्याला ते वाचता येतं?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "दहावी. फस्ट क्लास हाय मला."

मला राग आला असता, पण तिचा चेहरा पाहून तो आलाच नाही. ती सांगू लागली. लग्न झाल्यावर एकदा सासूनं तिला विचारलं होतं, तुला वाचता येतं तर मला शिकवशील का. घरात ते जमेना. माणसं येता-जाता थट्टा करायची, सासरे खोकायचे. मग ह्या केंद्राची खबर लागली. सासूची यायची फार इच्छा, पण एकटीनं वर्गात बसायची हिंमत होईना. तेव्हा सुनेनंच तिला सांगितलं होतं, "तिथं सगळ्यायला पयलीपासूनच बसावं लागतं, दहावी असो का बारावी." सासूला ते पटलं. सून दहावी शिकलेली आहे हे तिला ठाऊकच होतं, सोयरीक झाली तेव्हापासून. पण सुनेला थेट वरच्या वर्गात बसता आलं असतं, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

"आत्याला सांगू नका," ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "मी वर गेले तर आत्या यायच्या बंद व्हतील."

"आणि तू खाली राहिलीस तर पिशव्याच भरत राहशील. तुला यंत्र नको?"

दळणाच्या शेडकडे तिनं अशी नजर टाकली, की उत्तर मला मिळालं.

मी आमच्या व्यवस्थापकांशी बोलले. माणूस तरुण आहे, स्वभावानं चांगला, पण वरून त्याला सारखी विचारणा व्हायची, किती जणी पुढे गेल्या म्हणून. तो म्हणाला, "सुनेची चाचणी परत घ्या आणि टाका दुसरीत. सासूलाही ढकला ना वर, मॅडम. जोडीचा प्रश्नच मिटला."

"ढकलायचं असतं तर मी कशाला हवी?" मी म्हणाले. "सासूबाई अजून तयार नाहीत. दुसरीत गेल्या तर आठवड्यात घरी बसतील."

त्यानं हात वर केले. "तुम्ही बघा."

सुनेची चाचणी झाली, ती दुसरीत गेली. सासूला मी एवढंच सांगितलं की तुमच्या सुनेनं चाचणी लवकर पार केली. ती खूश झाली. शेडभर सांगत सुटली, "माझी सून वर गेली! आता माझा नंबर." मला वाटलं, झालं, आपण उगीच घाबरत होतो.

दुसरीचा वर्ग सकाळी असतो, पहिलीचा दुपारी. खिडकीजवळच्या बाकावर सासू एकटी बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं वाचलंच नाही, घसा बसलाय म्हणाली. पुढच्या वेळी मी तिला एक छोटा परिच्छेद दिला. ती उभी राहिली, बोट ओळीवर ठेवलं आणि दुसऱ्याच शब्दावर अडली. ओठ हलले. मग तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मागच्या बाकावर एक पोरगी आपल्या मैत्रिणीच्या कशाला तरी फिसकन हसली. तिचं वर्गात लक्षही नव्हतं. पण सासूनं पुस्तक मिटलं, शांतपणे बाकावर ठेवलं आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सून एकटीच आली. "आत्याचं अंग दुखून राहिलंय," म्हणाली. त्यानंतर म्हणाली, घरी हळद शिजवायचं काम निघालंय. मग सांगायची कारणं संपली आणि मी विचारलं की ती नुसती मान हलवायची. तिचंही शिकण्यातलं लक्ष उडालं. भागाकार अर्धा सोडून खिडकीबाहेर पाहत बसायची. आमच्याकडे शिकाऊ जास्त दिवस गैरहजर राहिला की नाव कमी करतात. व्यवस्थापकांनी मला एकदा आठवण करून दिली. खवचटपणे नाही, पण दिली.

त्या दिवसांत मला नीट जेवण जात नव्हतं. चांगल्या चाललेल्या दोन बाया. मी एकीला उचलून वर ठेवलं आणि दोघी घसरल्या, असं सारखं वाटायचं. नवरा म्हणाला, "अगं, मग जाऊन ये की त्यांच्या घरी. इथे बसून भात चिवडून काय होणार?"

रविवारी मी निघाले. हट्ट्यापर्यंत बस, पुढे काळीपिवळी जीप. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. शिक्षणाचं महत्त्व, वयाचा काही संबंध नसतो, वगैरे. काळीपिवळीत शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कोनाकडं चालल्या?" मी सांगितलं तर म्हणाली, "तिच्याकडं? लई फटकळ बाई हाय ती. सांभाळून बोला." माझी सगळी वाक्यं तिथेच गळून गेली.

त्यांच्या घरापुढच्या खळ्यात हळद वाळत घातली होती. सासू वाकून हातानं ती पसरत होती. मला पाहून सरळ झाली, हात लुगड्याला पुसले.

"या मॅडम. नाव कमी केलं सांगाया आल्या का?"

"नाही. तुम्ही का येत नाही ते विचारायला आले."

तिनं बाज आणून टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. स्वतः खाली बसली आणि हळकुंडं चाळवत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "सुनेचा राग न्हाई मला. लोक तसं म्हनत असतील, पर न्हाई. मला भेव वाटतंय."

"कशाचं?"

"ती बाजूला असली की मला वाचता येतंय. ती उठून गेली की अक्षरं पळतात. म्हंजे मला येतच नव्हतं मॅडम. तिचंच वाचणं व्हतं ते, मी नुस्तं बोट फिरवीत व्हते."

"तसं नाही ताई. तुम्हाला येतं, मी ऐकलंय."

"तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगता." तिनं हात झटकले. "असू द्या. सून शिकू द्या. माझं वय झालं. घरचं मी बघते, ती जाईल."

मी म्हणाले, वर्गात मोठ्यानं वाचू नका, अर्धा तास लवकर या, मला एकटीला वाचून दाखवा. ती ऐकत होती, पण ऐकत नव्हती. मान हलवायची ती फक्त पाहुणीला बरं वाटावं म्हणून. मला कळलं, माझ्यानं हे होणार नाही.

तेवढ्यात सून चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप माझ्या हातात दिला, दुसरा सासूपुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"आत्या, तुमी न्हाई आल्या तर उद्यापासून मी बी न्हाई जात."

"खुळी झालीस व्हय? वरच्या लेव्हलची हाय तू."

"मी पयल्यापासूनच वरची व्हते." एकदा तोंड उघडलं, मग ती थांबेना. "मला सरळ वरच बसवलं असतं त्यांनी. तुमी एकट्या बसनार न्हाईत म्हनून मी तिसरी शिकले म्हनून सांगितलं. सगळ्यायला पयलीपासून बसावं लागतं हे बी खोटं व्हतं. इतके दिवस तुमच्यासंगं बसले, आन् आता तुमीच घरी बसता. काहून?"

सासू तिच्याकडे पाहतच राहिली. खळ्यात कोंबडी शिरली, तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही. मी कपात तोंड घालून बसले. आता हिचा आवाज चढणार, शेजारी गोळा होणार, आणि ह्या घरात मी कायमची वाईट होणार, असं मला वाटलं.

"म्हंजे," सासू हळू म्हणाली, "माझ्यापायी तू खाली बसलीस."

सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दहावी पास पोरगी, अ आ इ करीत बसली. माझ्यापायी."

ती उठली आणि घरात गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी धाडकन ठेवल्याचा आवाज आला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी तिला बाजेवर बसवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग सासू दारात आली. तोंड धुतलेलं, पदर नीट खोचलेला.

"मॅडम, अर्धा तास लवकर म्हनल्या न्हवं तुमी? मंग दुपारची जीप न्हाई चालायची, मला सुनेच्याच जीपनं यावं लागंल. सकाळीच." मग सुनेकडे वळून, "आन् तू. पुन्हा मला सोडून शाळा बंद करायचं नाव काढलंस तर बघ. खबरदार."

सून रडता रडता हसली. मीही हसले बहुतेक. चहा पार थंड झाला होता, तो मी तसाच पिऊन टाकला आणि मला तो फार गोड लागला.

त्यानंतर रोज सून वरच्या वर्गात असायची तेव्हा सासू प्रतवारीच्या कामाला लागायची, आणि जेवणाच्या सुट्टीत भाकरी आटोपून माझ्याकडे यायची. मी तिला गोष्टी वाचायला दिल्याच नाहीत. पिशवीवरची माहिती, बसवरच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, भिंतीवरच्या जाहिराती, असलंच सगळं. तिला राग यायचा तो जोडाक्षरांचा. "हे एकावर एक काहून बसवलेत? जागा कमी पडत व्हती का?" पण बोट पुढे सरकायला लागलं. आणि एक दिवस ते पानावर नव्हतंच. दोन्ही हात मांडीवर आणि ती वाचत होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिला ते कळलं असतं आणि बोट परत आलं असतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. शांत स्वभावाचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. दुसऱ्या लेव्हलच्या मुली मोठ्या शेडमध्ये लिहायला बसल्या. पहिलीच्या एकेकीला ते कार्यालयात बोलवत होते. आम्हा शिकवणाऱ्यांना आत जायची परवानगी नसते. मी बाहेर पायरीवर बसले होते. सासू आत गेली आणि दार लोटलं गेलं.

आतून तिचा आवाज आला, "मोठ्यानं वाचू का मनात?"

"मोठ्यानं वाचा, बाई."

मग ती वाचू लागली. सावकाश, प्रत्येक शब्द तोलून, बाजारात भाजी निवडावी तसा. एका ठिकाणी थांबली. तो शब्द कुठला होता मला माहीत नाही. तिनं तो एकदा चुकीचा म्हटला, "न्हाई न्हाई, थांबा" म्हणाली, आणि बरोबर म्हटला. पुढे गेली. नंतर वजनाची उदाहरणं झाली. त्यात तिला अडचण नव्हतीच, बोटांवर तिचा हिशेब पक्का होता.

मी मान वर केली तर सून समोर उभी. पेपर लवकर देऊन आली होती. दोघी दाराकडे पाहत राहिलो.

दार उघडलं. सासू बाहेर आली, चेहऱ्यावर काही दिसेना. सून पुढे झाली. "आत्या?"

"मला काय विचारते? तुझा पेपर कसा गेला ते सांग. टक्केवारीचं आलं व्हतं का?"

"आलं व्हतं. जमलं."

"मंग बराबर." आणि मग ती पायरीवर माझ्या शेजारी धपकन बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, पाय थरथर करून राहिलेत. त्या साहेबाला दिसलं नसंल ना?"

परीक्षक तिच्या मागोमागच दारात आले होते. निकाल त्या दिवशी सांगायचा नसतो. त्यांनी सांगितलाही नाही. फक्त चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या लेव्हलला पुन्हा ऐकू." एवढं पुरे होतं. माझ्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. इतके दिवस ते होतं हेही मला उतरल्यावरच कळलं. त्या दुपारी मी घरी जाऊन जी झोपले, ती नवऱ्यानं चहाला उठवेपर्यंत झोपले.

निकाल आला, दोघीही पास. सून आता तिसऱ्या लेव्हलला आहे. मिस्त्री तिला दळणाच्या यंत्रापाशी उभं करतात, आणि आवाजावरून यंत्र कधी दमतंय ते ती आता ओळखते, असं ते कौतुकानं सांगतात. घरी सासूनं तिला ताकीद दिलीय, वाचताना मला एक अक्षरही सांगायचं नाही. अडलं तर माझं मी बघेन. सून मला म्हणते, "मॅडम, लई तकलीफ व्हते हो. समोर दिसतंय त्यांना अडलेलं, आन् तोंड दाबून बसावं लागतंय."

दुसऱ्या लेव्हलच्या पहिल्या दिवशी सासू सगळ्यांच्या आधी आली. पुढचा बाक धरला. थोड्या वेळानं एक नवी बाई दारापाशी घुटमळत उभी राहिली. आत यावं की नाही ते तिला कळेना. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूनं बाकावर सरकून जागा केली आणि तिला हाक मारली.

"ये गं बाई, बस हितं. लेव्हल म्हंजे काय वाघ हाय व्हय?"